आठच पाट

परवा दुपारी इंडियन स्टोअरमधून आलो, ट्रंक उघडली, तर कोथिंबिरीच्या पिशवीच्या आधी टेनिस बॉलचा एक कॅन घरंगळत बाहेर आला आणि ड्राइव्हवेच्या उतारावरून थेट शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला. धावत जाऊन उचलला. सील तसंच. परत येऊन ट्रंकमध्ये डोकं घातलं तर स्पेअर टायरच्या खाचेत अजून चार. ऑगस्टपासून तिथेच आहेत म्हणजे. सीझनअखेरच्या प्लेऑफला निघताना मी टेनिस टीमचा कॅप्टन या नात्याने मोठ्या जबाबदारीने घेतलेले, आणि तिथे गेल्यावर कळलं की प्लेऑफला बॉल आयोजकच देतात. सीझनभर होम टीमने द्यायचे असतात, पाच कोर्टं म्हणजे पाच कॅन, त्यामुळे कॉस्टकोत शिरलं की हात आपोआप त्या शेल्फकडे जातो.

कॅप्टन मी कसा झालो हे विचारू नका. निवडून वगैरे कोणी येत नाही. आधीच्या कॅप्टनला दुसरी मुलगी झाली आणि एका रविवारी इथे कॅलिफोर्नियात सनीवेलच्या कोर्टावर त्याने मला "दोन मिनिटं फोन दे रे" म्हणून ग्रुपचं अ‍ॅडमिन करून टाकलं. बस. मी तेव्हा टीममधला साधारण बारा नंबरचा खेळाडू होतो आणि अजूनही आहे.

टीम म्हणजे यूएसटीए, अर्थात अमेरिकेच्या टेनिस असोसिएशनच्या हौशी लीगची, 18 वर्षांवरची, 3.5 लेव्हल, म्हणजे खेळाच्या दर्जाचा आकडा. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. 3.5 म्हणजे बॅकहँड येतो पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही अशी माणसं. खरं तर 3.01 पासून 3.50 पर्यंत सगळे 3.5च, आपण त्यात नेमके कुठे ते फक्त कंप्युटरला ठाऊक, आणि तो ते शतांशातलं गुपित कोणालाही सांगत नाही. वर्षाच्या शेवटी एक दिवस निकाल लागतो. आपल्याकडे दहावीचा लागायचा तसाच, फरक एवढाच की इथे वरच्या वर्गात गेलेला माणूस जास्त रडतो, कारण 4.0 ला जाऊन मार खायचा आणि जुनी टीमही सुटते.

एका सामन्यात दोन सिंगल्स, तीन डबल्स. म्हणजे आठ जण. आणि माझ्या रोस्टरवर होते सतरा. दर आठवड्याला नऊ जणांना "या वेळी नाही रे" म्हणायचं, आणि तेही अशा भाषेत की पुढच्या आठवड्यात ते आले पाहिजेत. ग्रुपवर पोल टाकायचो, येस, नो, मे बी. आता "बघतो, जमवतो" म्हणणारा मराठी माणूस येत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण तेलुगू मे बी वेगळा, त्याला घरी विचारायचं असतं. चिनी मे बी म्हणजे येस, आणि आमच्या रशियनाचा मे बी म्हणजे सिंगल्स दिली तर येतो. हे कळायला मला दोन सीझन लागले.

या सगळ्यात मला सारखे आमचे आजोबा आठवायचे. त्यांनी जन्मात रॅकेट बघितली नसेल. सांगलीला गावभागात वाडा होता, तिथे माझ्या चुलतभावाची मुंज, मी असेन सात-आठ वर्षांचा. ओसरीवर एका वेळी बत्तीस पाट मांडले जायचे, आणि जेवायला माणसं त्याच्या चौपट, सगळी एकाच वेळी भुकेली, त्यात अर्धी मानापमानाची. आजोबा उंबऱ्यावर उभे, उपरणं कमरेला, बोटाने पाट मोजतायत. आणि मोजता मोजता माणसं बाजूला काढतायत. लहान मुलं आधी, गाडी गाठायची असलेले आधी, डायबेटिसवाले आधी. उरलेल्यांचं काय? तर त्यातल्या प्रत्येकाच्या कानाशी जाऊन हळूच, "तुम्ही आत्ता गर्दीत नका बसू, तुम्ही आपले माझ्या पंगतीला, माझ्या शेजारी." समोरचा माणूस फुलायचाच. मी आजोबांच्या धोतराला धरून मागे मागे फिरत होतो म्हणून मला ऐकू आलं, त्यांनी हे निदान नऊ जणांना सांगितलं. माणसाला शेजार असतात दोन. मी तसं बोललोही त्यांना, तर म्हणाले, जा, मठ्ठ्यावर झाकण आहे का बघून ये.

तर तेच मी करत होतो. "तुला मी महत्त्वाच्या मॅचसाठी राखून ठेवलंय." बे एरियातल्या तीन भाषांमध्ये.

काकांना मात्र असलं काही सांगावं लागायचं नाही. काका आमच्यातले सगळ्यात मोठे, बासष्टचे, मूळचे पुण्याचे. त्यांना सगळेच काका म्हणायचे, आमच्या चिनी पार्टनरची तर दोन वर्षं समजूत होती की ते त्यांचं नाव आहे. टेनिस शिकले ते पाणी मारून रोलर फिरवलेल्या मातीच्या कोर्टावर, पांढऱ्या बॉलने, त्यामुळे फोरहँड, बॅकहँड दोन्हीला एकच फटका, तो खालून कापत नेलेला स्लाइस, आणि इथल्या हार्डकोर्टावर तो बॉल टप्पा पडल्यावर असा काही बसकण मारायचा की पंचविशीतली पोरं गुडघ्यांत वाकून वाकून वैतागायची. पिवळे बॉल काकांना कधी मनापासून आवडले नाहीत. ते टीव्हीवर दिसावेत म्हणून 1972 ला आले, विम्बल्डनने 1986 पर्यंत दाद दिली नव्हती, हे त्यांनी प्रत्येक नव्या मेंबरला ऐकवलेलं आहे.

आणि बॉलवर खूण. प्रॅक्टिसला शेजारच्या कोर्टावरचे बॉल मिसळतात म्हणून सगळे मार्करने दोन ठिपके, एखादं अक्षर असं काहीतरी काढतात. काका कॅन उघडायचे, फस्स आवाज आला की एकदा वास घ्यायचे, तिन्ही बॉल मांडीवर घ्यायचे आणि एकेकावर श्री लिहायचे. बॉल हळूहळू फिरवत, लव आडवी येते म्हणून वेलांटी दोनदा गिरवत. लग्नपत्रिकेवर लिहावं तसं. मग त्याच श्रीला रॅकेटने हाणायला सुरुवात. रशियनाने विचारलं हे काय, तर म्हणाले, कंपनीचं नाव आहे.

मे महिन्यात एकदा आमची लाज गेली. एकाच्या मुलीचं आरंगेत्रम, म्हणजे नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम, एकाचा सर्व्हर पडलेला, एक मे बी, शनिवारी सकाळी मोजले तर सहाच. एक डबल्स सोडावी लागली, म्हणजे डिफॉल्ट, तीन नंबरची, कारण सोडायची तर खालूनच सोडायची असते. समोरच्या कॅप्टनपुढे ते बोलताना मला घरात कोणी उपाशी राहिल्यासारखं वाटलं. परत येताना गाडीत गप्प होतो. काका म्हणाले, अरे 1974 ला आपण डेव्हिस कपची अख्खी फायनल सोडली होती, एका कोर्टाचं काय घेऊन बसलास. साउथ आफ्रिकेशी होती, तिथल्या वर्णभेदामुळे भारताने खेळायलाच नकार दिला आणि कप तिकडे गेला. त्याच्या आधीच्या फेरीत रशियाला हरवलं ते पुण्यात, काका तेव्हा अकरा वर्षांचे, वडिलांबरोबर बघायला गेले होते. अमृतराज बंधूंपेक्षा तिथल्या भेळेचंच वर्णन त्यांनी जास्त केलं. मी म्हणलं, काका, त्यांनी तत्त्वासाठी सोडली, आपण आरंगेत्रमसाठी. तर म्हणाले, त्या मुलीच्या बापाला विचार.

कसेबसे प्लेऑफला पोचलो. सॅक्रामेंटोच्या बाजूला, ऑगस्टमधला वीकेंड, पारा एकशेचारवर. फॅरनहाइट. चार टीम, प्रत्येकाशी एक सामना, शनिवारी दोन, रविवारी एक. आमच्या लीगमध्ये ताकदीच्या क्रमानेच खेळाडू लावायचे असं बंधन नाही, त्यामुळे सगळा खेळ अंदाजाचा. समोरचा त्याची तगडी जोडी एक नंबरला लावेल की आपण लावू म्हणून तीनला लपवेल, आणि आपण तीनला लावू हे ओळखून तो दोनला लावेल का. शुक्रवारी मोटेलात रात्री दीड वाजेपर्यंत मी लीगच्या साइटवर अनोळखी लोकांचे मार्चपासूनचे स्कोअर बघत होतो. बायकोने विचारलं, काय बघतोयस एवढं, म्हणलं, स्टॉकटनचा एक माणूस आहे, मंगळवारी हरतो.

शनिवारी पहिला सामना 4-1. दुसरा 3-2, दोन कोर्टं टायब्रेकवर. आणि शनिवारी ज्यांना बसवलं त्या सगळ्यांना मी म्हणालो होतो, "रविवारी तू." काकांनाही. "काका, उद्या तीन नंबर डबल्स तुमची." ते बर्फाची पिशवी मानेला लावून बसले होते, म्हणाले, बघ बाबा, तुझं गणित तुला.

रविवारी सकाळी मोटेलच्या नाश्त्याला खाली आलो आणि पायच गळाले. रविवारवाले पाचही जण एकाच टेबलावर, किट घालून, मनगटपट्ट्या चढवून, वॉफल खातायत. जागा होत्या दोन. माझ्याशी कोणी काही बोललं नाही, फक्त एकाने सिरप पुढे सरकवलं.

त्यातून शनिवारी रात्री आमचा एक हिरो व्हेगसवरून येऊन ठेपला होता. वय एकोणतीस, कॉलेजात खेळलेला, प्रॅक्टिसला वर्षात एकदाही नाही, मॅच पात्रतेपुरत्या दोन, मोजून. पण सर्व्हिस अशी की आवाज आधी आणि बॉल नंतर. समोरची टीमही दोन्ही सामने जिंकलेली, जो जिंकेल तो पुढे.

पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर ठेवून मी लाइनअपचं कार्ड भरलं. तीन नंबर डबल्सला काकांचं नाव आधीच लिहिलेलं होतं, रात्रीच, निळ्या पेनाने. ते खोडलं. पेन चालेना, बॉनेट एवढं तापलेलं की कागद मऊ पडल्यासारखा झाला होता, तिथे टोक रुतून भोकच पडलं. त्या भोकाच्या शेजारी हिरोचं नाव बारीक अक्षरात कोंबलं. मग दोन्ही कॅप्टननी एकाच वेळी कार्डं अदलाबदल करायची, आणि एकदा हातातून सुटलं की नाव बदलता येत नाही, माणूस आजारीबिजारी पडल्याशिवाय. समोरचा कॅप्टन कार्ड बघून म्हणाला, धिस होल, इज दॅट अ प्लेअर?

सव्वाबारापर्यंत 2-2 आणि सगळ्यात शेवटी कोर्टावर राहिली ती तीन नंबर डबल्सच. पहिला सेट आपला, दुसरा त्यांचा, आणि तिसऱ्या सेटच्या जागी दहा पॉइंटचा टायब्रेक. हिरो चांगला खेळला, खोटं कशाला बोलू. 8-8 ला त्याची सर्व्हिस. पहिली नेटमध्ये, दुसरीही नेटमध्ये. 8-9. पुढच्या पॉइंटला समोरच्या टकल्या माणसाने एक स्लाइस काढला, खालून कापत, अगदी हळू, आणि तो बॉल टप्पा पडला तो उठलाच नाही. आमचा पोरगा वाकेपर्यंत संपलेलं होतं सगळं. 10-8.

मी त्या स्लाइसकडे बघितलं आणि मग कुंपणाकडे. काका जाळीला बोटं अडकवून उभे होते, किट घातलेलं, दुसऱ्या हातात हिरोची पाण्याची बाटली. टाळ्या वाजवायला त्यांना बाटली काखेत धरावी लागली.

परतीचे दोन तास ते माझ्या शेजारी होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून, काका, ते सकाळचं, असं सुरू केलं तर म्हणाले, डेव्हिस गावात गाडी थांबव, कॉफी घेऊ. मग कॉफी, मग सॅन रामोनचं ट्रॅफिक, मग त्यांना झोप लागली. तोंड थोडं उघडं टाकून झोपले होते, कपाळावर टोपीचा वळ. ऑक्टोबरमध्ये ते मुलीकडे डॅलसला गेले, कायमचे, गुडघ्याचं ऑपरेशनही तिकडेच करणार आहेत. ग्रुपवर लिहिलं, "खूप मजा आली सर्वांबरोबर", आणि स्वतःहून लेफ्ट झाले. काढायचं कामसुद्धा कॅप्टनला ठेवलं नाही.

मुंजीच्या दिवशी साडेतीनला शेवटची पंगत बसली तेव्हा जिलबी संपलेली होती, मसालेभाताची खरवड आणि मठ्ठा. आजोबा मधल्या पाटावर, आणि ज्यांना शेजारी बसवतो म्हणाले होते ते सगळे आसपास, कोणी समोर, कोणी कडेला. पण ते बसले होते. त्यांच्यातच. मी तर रविवारी स्वतःलाही बसवलं होतं, तेवढं पुण्य धरा हवं तर.

तर हे पाच कॅन. ड्राइव्हवेवर उभं राहून फोन करावासं वाटलं एकदा, नंबर काढलाही. पण म्हणणार काय. काका, तुमचे बॉल माझ्याकडे राहिलेत, असं म्हणावं तर बॉल माझेच आहेत, कॉस्टकोची पावती आहे, आणि सील फोडलेलं नाही तेव्हा एकावरही श्री नाही.