पाटे वाढवलेली पिकअप

ब्रेक गेलेली गाडी आमच्या गॅरेजात टोचन करून येते. ही स्वतःच्या चाकांवर, व्यवस्थित ब्रेक मारत आली. गाडीवाला उतरून म्हणाला, “मिस्त्री, पाय ठेवून बघा की. आता कसा टणक लागतोय! आणि काल पहाटे चोर्ल्याच्या उतारावर पेडल थेट तळाला गेलं.”

पाय ठेवला. खरंच टणक. कुठे गळती नाही, ब्रेक ऑईलच्या टाकीत लेव्हल बरोबर.

माणूस जांबोटीकडचा. बेळगावात कोबी-मिरची भरायची, कणकुंबीवरून घाट उतरून केरी, साखळी करत गोव्यात माल टाकायचा. गाडी कोल्हापूरकडून जुनी घेतलेली, एमएच ०९ पासिंग. केए २२ करायचे कागद अजून एजंटाकडेच पडलेले. त्या पहाटे पंप मारत, गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत त्याने गाडी डोंगराकडच्या गटारात घातली म्हणून वाचला. गाडी गार झाल्यावर ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑईलला प्रेशर देणारा भाग, बदलला, दुसऱ्याने तोच नवा सिलिंडर काढून आणखी एक नवा बसवला.

चारही चाकं उतरवली. पुढचे पॅड लोखंडाला टेकलेले, डिस्कवर तापल्याचे निळसर डाग. मागचे ड्रम काढले तर लायनर जवळजवळ नवे. गाडीवाला खूश, “बघा, मागचं एकदम ओके हाय.” मला तिथेच खटकलं. रोज घाट उतरणाऱ्या गाडीचे मागचे लायनर झिजत नाहीत, म्हणजे ते कामच करत नाहीत.

खाली झोपलो. अशा बऱ्याच गाड्यांना मागच्या अॅक्सलच्या वर, चासीला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. रिकाम्या गाडीची चासी वर असते, तेव्हा व्हॉल्व्ह मागे प्रेशर कमी सोडतो. नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. माल भरला की चासी बसते, दांडी हलते आणि मागे जादा प्रेशर जातं. इथे आधीच्या मालकाने जादा माल पेलावा म्हणून मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा, म्हणजे लोखंडी पट्टी, वाढवलेला. बाकी पाटे गंजलेले, हे दोन तेवढे काळ्या रंगाचे, यू-बोल्टही नवे. माल कितीही भरा, गाडी बसतच नाही. वर कोबीचा ढीग, आणि व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकामी!

मग सगळा ताण पुढच्या डिस्कवर. त्यात ब्रेक ऑईल काळपट, कधी बदललं होतं देव जाणे. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं. ताज्या डॉट ३ ऑईलचा उकळबिंदू किमान २०५ अंश. पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. ऑईल उकळलं की पाईपात वाफ होते, पाय त्या वाफेलाच दाबत बसतो. गार झालं की वाफ जिरते, म्हणून गॅरेजात ब्रेक ठणठणीत.

“उतारावर न्यूट्रल करतोस?” विचारलं. जरा थांबून म्हणाला, “डिझेल वाचतंय की.” माझं डोकं फिरलं. न्यूट्रलला इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. कॉमन रेल, म्हणजे कंप्युटरने डिझेल सोडणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलला उलट आयडलिंगवर जळत राहतं.

पाटे काढायचे म्हटल्यावर वाद झाला. “मग माल कसा भरू? हप्ता कुठून फेडू?” अडचण खोटी नव्हती. पण पाटे ठेवून ब्रेक करून देणार नाही म्हणालो. रागाने गेला, संध्याकाळी थोरल्या भावाला घेऊन आला. भावाने एका वाक्यात निकाल लावला, “काढा ओ मिस्त्री, दोन फेऱ्या करेल.” पाटे उतरवले, दांडी कंपनीच्या मापाला लावली, पॅड, डिस्क, होज पाईप नवे घातले, ऑईल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेक पाईपातली हवा काढली.

जुनी पिकअप घेताना लोक इंजिन ऐकतात, टायर बघतात. मी सोबत गेलो तर आधी पाटे मोजतो, मग ती दांडी बघतो. पुष्कळदा ती मोडकी, तारेने बांधलेली सापडते. ट्रायलही माल घालून, उतारावर घ्यावी. विकणारा कुरकुरतो, कुरकुरू दे.

काढलेले पाटे भंगारात घाल म्हणून सांगितलं होतं. त्याने ते पिरनवाडीच्या एका पिकअपवाल्याला विकले.