मागच्या सीटचा प्रश्न

एकच इंजिन. एका गाडीला चार दारं, दुसरीला दोन, आणि जिला दोन तीच बहुतेक ठिकाणी महाग. हा व्यवहार नागपूरच्या माणसाच्या गळी उतरवणं कठीण आहे. डझनभर संत्री घेतली तरी एक वरून मागून घेणारे लोक आपण. दोन दारं कमी घेऊन वर पैसे कशाचे द्यायचे?

पण जगात हे सर्रास चालतं. बीएमडब्ल्यूची पहिली एम३ आली १९८६ साली, ती दोन दारांची. पुढच्या पिढ्यांत तिला कधी चार दारं मिळाली, कधी नाही. शेवटी २०१४ साली कंपनीने रीतसर वाटणीच केली : चार दारांची ती एम३, दोन दारांची ती एम४. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं, दोन टर्बोवालं इंजिन मात्र दोघींच्या वाट्याला सारखंच आलं. म्हणजे भांडण वेगाचं नाहीच. भांडण आहे मागच्या सीटचं.

हे मला कळलं ते धंतोलीतल्या माझ्या एका मित्रामुळे. तो रेडिऑलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या पोटातलं बघतो, आणि पन्नाशी जवळ आल्यावर त्याला एकदम मोटारीचं वेड लागलं. एकीकडे बीएमडब्ल्यूचीच एम३४०आय : सेडान, म्हणजे चार दारांची, २०२१ पासून चेन्नईत जुळणी होते, थांबलेल्या अवस्थेतून शंभरचा वेग ४.४ सेकंदांत. दुसरीकडे वापरलेली फोर्ड मस्टँग : कूपे, म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छताची. ती भारतात अधिकृतपणे आली २०१६ साली, पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनासह. मित्राच्या मोबाइलमध्ये पेशंटच्या रिपोर्टांपेक्षा या दोघींचे फोटो जास्त झाले होते.

मस्टँग बघायला आम्ही सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात गेलो. काकू, म्हणजे त्याची आई, 'मीही येते' म्हणून सोबत निघाल्या. गाडी कडुलिंबाखाली उभी होती. दाराची मूठ ओढली की काच आपोआप बोटभर खाली सरकते, कारण दाराला वरची चौकटच नसते; दार लावलं की तीच काच वर जाऊन रबरात बसते. मित्राने हे चार-पाचदा करून पाहिलं. मालक काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पडत चालला होता. दार इतकं लांब, की शेजारी स्कूटर लावलेली असती तर माणूस अर्धाच बाहेर आला असता. सीटबेल्ट पार मागे. तो धरायला खांदा पिळावा लागतो.

काकूंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "अन् मी कोठून बसू?"

मित्राने पुढची सीट वाकवून दाखवली. काकू पदर खोचून आत शिरल्या, हे त्यांचं कौतुक. मागे बसल्यावर त्यांचं डोकं उतरत्या काचेला टेकलं आणि गुडघे पुढच्या सीटला. "फोटो काढाचा असंन तर लवकर काढ," म्हणाल्या. त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो. तेवढ्यात मालकाने इंजिन सुरू केलं. झाडावरचे पक्षी उडाले, शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला, आणि काकू साडी नीट करता करता म्हणाल्या, "आवाज मातर भारी आहे, बापा."

आता माझं मत. शहाणपणाने बघितलं तर सेडानच. समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो, सपाट भागात कारला मुभा ताशी १२० ची. चार सेकंदांची मजा संपली की पुढे शिर्डीपर्यंतचे पाचशेवर किलोमीटर त्याच काट्यावर डोळे ठेवून काढायचे. तेव्हा मागे कोणी बोलणारं, डब्यातून चिवडा देणारं असलेलं बरं. शहरात तर विचारूच नका. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर, ३.१४ किलोमीटरच्या त्या पट्ट्यात, डोक्यावरून मेट्रो जाते. तिच्याशी शर्यत लावायचा मोह होतो, तोवर पूल संपतो आणि खाली सिग्नल लाल.

शिवाय जोरदार सेडानची खरी गंमत तिच्या साधेपणात आहे. आमच्या ऐन उमेदीत होंडा सिटीची व्हीटेक आली होती, १०६ हॉर्सपॉवरची. दिसायला एखाद्या बँक मॅनेजरची गाडी. पण गिअर एक खाली टाकून पाय दाबला की समोरचा ट्रक बघता बघता आरशात. कुणाला पत्ता नाही. कूपेला हे सुख नाही. व्हरायटी चौकात लाल दिव्याला ती थांबली की बाजूचा मोटरसायकलवाला हेल्मेटची काच वर करून विचारणारच, "भैया, कितने की है?" आणि खरी किंमत सांगायची सोय नाही, कारण मागच्या ऑटोत आपला पेशंट असू शकतो.

दोन्ही साधणाऱ्या गाड्याही निघाल्या. रोव्हरने १९६२ मध्येच छत उतरवून चार दारांची 'कूपे' काढली होती, आणि मर्सिडीजच्या सीएलएसने २००४ पासून त्याची फॅशनच केली. मला तो प्रकार पटत नाही. दार आहे म्हणून माणूस हौसेने मागे जातो आणि छत डोक्याला लागतं. त्यापेक्षा सरळ नाही म्हटलेलं चांगलं.

सरळ नाही म्हणायची ही सोयच मित्राला हवी होती, असा माझा कयास आहे. आपल्याकडे मागची सीट मालकाची नसते. ती असते अजनी स्टेशनवर उतरणाऱ्या मावशीची, कामठीच्या लग्नाला निघालेल्या शेजाऱ्यांची, नवरात्रात कोराडीला जाणाऱ्या चौघींची. 'येता येता तेवढं सोडून दे ना' या वाक्याला नकार देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. कूपे तो नकार परस्पर देते. तोंड वाईट होत नाही, जागाच नसते. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी बघणाऱ्याला पहाटे सेमिनरी हिल्सच्या वळणांवर तासभर एकट्याचीच गाडी असावी वाटली, तर त्यात गैर काय? मी त्याला तसं म्हटलंही. "अबे, हौस आहे तर घे ना मस्टँग. काकूंसाठी घरची जुनी गाडी आहेच."

त्याने सेडान बुक केली. म्हणाला, जुन्या गाडीचा एसी उन्हाळ्यात दम टाकतो.

सध्या रंगावरून चाललंय. त्याला निळी हवी. वहिनींचं म्हणणं, पंचेचाळीस डिग्रीत पांढरीच बरी. काकूंना रंगाचं काही नाही; पूजा टेकडीच्या गणपतीलाच, पण चतुर्थीला नको म्हणतात. त्या दिवशी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.