फ्लॅट घ्यावा की रो-हाउस?

भाव नंतर विचारा, आधी जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा. जुन्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालं नसेल, तर प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डर किंवा मूळ मालकच असतो आणि पुनर्विकासाचं घोडं तिथेच अडतं. डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरने सही दिली नाही तरी सरकारी आदेशाने हस्तांतर करून घेण्याची, वाट आहे, पण कागद जमवताना सेक्रेटरी मेटाकुटीला येतो.

सोसायटीच्या ताळेबंदात सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवलेला पैसा, शोधा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. मेंटेनन्स फारच कमी दिसला तर खूश होऊ नका. लिफ्ट बदलायची झाली की एकरकमी वर्गणी निघते.

रो-हाउसला गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बोअरचा पंप, सगळं तुमच्याच खिशातून. त्यात गुंठेवारी (जमिनीचे बिनपरवाना पाडलेले छोटे तुकडे) आणि सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील, तर बँका कर्जाला हात आखडतात.