‘आढळले नाही’ आणि ‘तपासता आले नाही’

२०१७ च्या जुलैमधील एका शनिवारी आमच्या मॉलिक्युलर प्रयोगशाळेत एक पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, आला. तंबाखूला कधीही न शिवलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहिणीच्या मणक्यातून काढलेला तो हाडाचा तुकडा होता आणि त्यात फुप्फुसातून पसरलेला अॅडेनोकार्सिनोमा हा कर्करोग असल्याचे निदान आधीच झाले होते. ईजीएफआर या जनुकात बदल आहे का, एवढेच मला सांगायचे होते. जेफिटिनिब ही गोळी ज्या मोजक्या रुग्णांना विलक्षण लागू पडते त्यांच्या गाठीत या जनुकाचा ठरावीक भाग बदललेला असतो, हे २००४ मध्ये उघड झाले. पुढे या एका उत्तरावर केमोथेरपी की रोजची गोळी हे ठरत आले आहे.

दुपारी पीसीआरचे, म्हणजे डीएनएचा हवा तो भाग अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या चाचणीचे, आलेख पाहिले, तेव्हा म्युटेशनच्या (जनुकातील बदलाच्या) एकाही नळीत रेषा उठलेली नव्हती. तंत्रज्ञाने ‘म्युटेशन आढळले नाही’ असा मसुदा तयार ठेवला होता आणि शनिवारच्या घाईत मी, खरे सांगायचे तर, पेनही हातात घेतले होते. तेवढ्यात कंट्रोलच्या नळीकडे लक्ष गेले. गाठीत बदल असो वा नसो, डीएनए शाबूत असेल तर तिथे रेषा उठायलाच हवी. ती सपाट होती. तुकडा पाठवणाऱ्या रुग्णालयात फोन केल्यावर कळले, की हाड मऊ करण्यासाठी तो दीड दिवस तीव्र आम्लात ठेवला होता. अशा तुकड्यातील पेशी स्लाइडवर ओळखता येतात, पण आतल्या डीएनएचा चुरा झालेला असतो. आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरले असते तर दिवस अधिक लागले असते, डीएनए मात्र बऱ्याच अंशी वाचला असता.

मसुदा खोडून मी ‘तपासता आले नाही’ असे लिहिले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारले, की छातीत पाणी झाले आहे का. झाले होते. सोमवारी ते पाणी आले, त्यातील पेशी गोळा करून त्यांचा सेल ब्लॉक केला आणि बुधवारी जनुकाच्या एक्सॉन १९ या भागातील डिलीशनची, म्हणजे तुकडा गळाल्याची, रेषा स्पष्ट उठली. या बदलात ईजीएफआर प्रथिनातील बहुधा पाचच अमिनो आम्ले गळतात, पण तेवढ्याने पेशीला वाढीचा इशारा देणारी कळ चालू स्थितीत अडकून राहते. त्याच बदलाने प्रथिनाची एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरची पकड सैल होते आणि एटीपीच्याच खोबणीत बसणाऱ्या जेफिटिनिबला वाव मिळतो, ही त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब.

तेरा महिन्यांनी त्याच रुग्ण गृहिणीच्या रक्ताचा नमुना टी७९०एम या बदलाच्या तपासणीसाठी आला. जेफिटिनिबला दाद न देऊ लागलेल्या साधारण निम्म्या गाठींत प्रथिनातील ७९० व्या जागी थ्रिओनीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन आलेले असते; एटीपीवरची पकड पुन्हा घट्ट होते आणि ओसिमर्टिनिबसारखे औषध लागते, जे ७९७ व्या जागच्या सिस्टीनला कायमचे चिकटते. या वेळी कंट्रोल उत्तम होते, टी७९०एमची रेषा मात्र नव्हती. गाठीचा डीएनए रक्तात पुरेसा उतरलाच नसेल तरीही असेच दिसते. म्हणून अहवालात लिहिले, की रक्तात आढळले नाही, गाठीत नाही असे यावरून म्हणता येणार नाही, शक्य असल्यास तुकडा पाठवावा.

दहा दिवसांनी तुकडा आला. तो यकृतातला होता, आणि सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी हाताने लिहिले होते: ‘आम्ल लावलेले नाही.’