बाबांसोबत स्पेन, आणि ‘बान्यो’ची तयारी

बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दर दीड-दोन तासांनी जावं लागतं, आणि एकदा लागली की थांबवत नाही. स्पेनचं ठरलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही दोघी जाऊन या, मी घरी बरा." कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला आणि आईला ते ठाऊक होतं. प्रवास म्हटलं की ते सकाळपासून पाणी बंद करतात. आपल्याकडे कितीतरी वयस्क माणसं हेच करतात, आणि बायका तर तरुणपणापासून करतात. सेविलला उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तिथे पाणी न पिता फिरणं म्हणजे थेट दवाखान्याचा रस्ता. म्हणून मी आधी स्पॅनिशमध्ये बाथरूम विचारण्याची तयारी केली आणि मगच तिकिटं काढली.

विचारायचं वाक्य सोपं आहे: "दोंदे एस्ता एल बान्यो, पोर फाबोर?" म्हणजे बाथरूम कुठे आहे. मराठी माणसाला हे चांगलं जमतं, कारण स्पॅनिशमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात. इंग्रजी वळणाने ‘डोंडे’ म्हणायची गरज नाही. स्पेनमध्ये सार्वजनिक ठिकाणच्या पाटीवर मात्र बहुतेक ‘आसेओस’ किंवा ‘सेर्बिथ्योस’ लिहिलेलं असतं, आणि बार्सिलोनाकडे ‘लाबाबो’ जास्त ऐकू येतं. तोंडाने ‘बान्यो’ म्हटलेलं सगळीकडे कळतं. वाचताना हे चारही शब्द ओळखता यायला हवेत.

खरी अडचण उत्तराची आहे. तुम्ही नीट विचारलंत की समोरचा माणूस तुम्हाला भाषा येते असं धरून भराभर सांगून मोकळा होतो. म्हणून मी बाबांकडून प्रश्नापेक्षा उत्तरं जास्त घोटून घेतली. संध्याकाळी चहा झाला की मी म्हणायचे "आल फोन्दो, आ ला देरेचा", आणि ते हाताने दाखवायचे: सरळ शेवटपर्यंत, मग उजवीकडे. "आ ला इथ्क्येर्दा" म्हणजे डावीकडे. "आबाखो" खाली, "आर्रीबा" वर, "लास एस्कालेरास" जिना. जिन्याचा शब्द आमच्यासाठी फार महत्त्वाचा होता, कारण तिथल्या जुन्या बारमध्ये बाथरूम पुष्कळदा तळघरात असतं आणि बाबांचे गुडघेही दुखतात. "सरळ जा" याला स्पेनमध्ये "तोदो रेक्तो" म्हणतात. लॅटिन अमेरिकेत त्याच अर्थाने "देरेचो" म्हणतात, तेव्हा देरेचा आणि देरेचो यांतला शेवटचा स्वर कान देऊन ऐकायचा.

माद्रिदला पोचल्यावर पहिला अडसर आला तो ‘बार’ या शब्दाचा. बाबा आयुष्यात बारची पायरी चढलेले नाहीत. पण तिथला बार म्हणजे सकाळी कॉफी-टोस्ट, दुपारी जेवण, शेजारच्या आजी वर्तमानपत्र वाचताहेत, अशी जागा. रस्त्यावर सार्वजनिक शौचालयं कमी, बार मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर, त्यामुळे बाबांसाठी तोच सगळ्यात जवळचा आधार. काही ठिकाणी ‘सोलो क्लिएन्तेस’, म्हणजे फक्त ग्राहकांसाठी, अशी पाटी असते. एक कोर्तादो, म्हणजे थोडं दूध घातलेली छोटी कॉफी, मागवली की आपण ग्राहक झालो. घाई असेल तर मी आधी सरळ सांगायचे, "मी पाद्रे नेथेसिता इर आल बान्यो, एस उर्खेन्ते." माझ्या वडिलांना जायचंय, तातडीचं आहे. समोरून "पासे, पासे", म्हणजे जा, जा, असं यायचं, आणि कॉफी मग निवांत. बाथरूमला कुलूप असेल तर काउंटरवरून ‘याबे’ मागायची. आपली चावी पोर्तुगीजांकडून आलेली आणि ही तिचीच बहीण, त्यामुळे बाबांच्या ती लगेच लक्षात राहिली. कुठे कुठे किल्लीऐवजी ‘कोदिगो’ असतो, म्हणजे बिलावर छापलेला आकडा. बिल टाकून देऊ नका.

दारावरची अक्षरं आधीच सांगून ठेवावीत. एच म्हणजे ओम्ब्रेस, पुरुष. एम म्हणजे मुखेरेस, बायका. इंग्रजीच्या सवयीने पुरुष नेमके एमच्या दाराकडे वळतात. कुठे काबायेरोसचं सी आणि सेन्योरासचं एस असतं. आत नळावरही सी दिसतं, पण ते कालिएन्तेचं, म्हणजे गरम पाण्याचं. गार पाणी एफला. दारावर ‘तिरार’ म्हणजे ओढा, आणि आत भिंतीवर ‘नो तिरार’ म्हणजे भांड्यात टाकू नका. धुण्यासाठी जेट किंवा पाण्याचा मग बहुतेक ठिकाणी नसतो, म्हणून बाबांच्या पिशवीत पाण्याची एक छोटी बाटली कायम असायची.

माझी सगळ्यात मोठी काळजी वेगळीच होती. मी मुलगी, बाबांबरोबर आत जाऊ शकत नाही. ग्रानादात एका लहानशा बारमध्ये ते आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. दाराशी गेले तर आतून आवाज, "अगं, कडी उघडत नाहीये, आणि दिवाही गेलाय." तिथले दिवे बऱ्याच ठिकाणी आपोआप बंद होतात. काही हात हलवल्यावर लागतात, काहींचं बटण दाबावं लागतं. मी काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, "ला प्वेर्ता नो से आब्रे. मी पाद्रे एस्ता देन्त्रो." दार उघडत नाही, वडील आत आहेत. तो हातातला कप ठेवून आलाच. त्या कडीला बाहेरच्या बाजूने एक खाच होती. त्याने खिशातलं नाणं त्यात घालून फिरवलं, दार उघडलं, आणि बाबांच्या कोपराला धरून त्यांना बाहेर आणलं. मग विचारलं, "एस्ता ब्येन?" ठीक आहात ना? बाबांनी त्यांच्या घोटलेल्या वाक्यांतलं एक बाहेर काढलं, "सी, सी, मूचास ग्राथ्यास." हो, हो, खूप आभार. त्या माणसाचा मोकळा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर मी दोन वाक्यं कार्डावर ठळक लिहून ठेवली. एक कुणाही पुरुषाला विचारायचं: "प्वेदे मिरार सी मी पाद्रे एस्ता ब्येन?" माझे वडील ठीक आहेत का, जरा बघता का? दुसरं, "आय उन बान्यो आदाप्तादो?" म्हणजे अपंगांसाठीचं बाथरूम आहे का. ते प्रशस्त असतं, धरायला दांडी असते, आणि सोबतीचं माणूस आत जाऊ शकतं. संग्रहालयं, मोठी स्टेशनं आणि एल कोर्ते इंग्लेससारखी मोठी दुकानं इथे ते हमखास विचारावं. दुकानात मजल्याला ‘प्लान्ता’ म्हणतात.

ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा किल्ल्यात नास्रिद राजवाडे बघायची वेळ तिकिटावर ठरलेली असते, म्हणून रांगेत लागायच्या आधीच जाऊन यायचं. माद्रिद-सेविल रेल्वेची मुळीच काळजी नाही, डब्यात सोय असते आणि दारावर ‘लिब्रे’ किंवा ‘ओकुपादो’ दिसतं. बसचं तसं नाही. चढण्याआधी चालकाला "आय आसेओ एन एल आउतोबुस?" विचारायचं, आणि वाटेत थांबली की "क्वान्तो तिएम्पो पारामोस?", किती वेळ थांबणार.

सेविलला पोचलो तोवर बाबा स्वतःच काउंटरवर जाऊन विचारू लागले होते. आणि पाणी पिऊ लागले होते, अगदी मागून घेऊन: "उन बासो दे आग्वा, पोर फाबोर." एक ग्लास पाणी द्या.

मेक्सिकोला जाणाऱ्यांसाठी एवढं अजून: तिथे ‘थ’ नाही, ‘स’ म्हणायचं, म्हणजे ग्राथ्यासऐवजी ग्रासियास. पाटीवर बहुधा ‘सानितारिओस’ किंवा ‘बान्योस’ असतं, बाजारात आणि बसस्थानकावर दाराशी थोडे पेसो द्यावे लागतात, म्हणून सुटी नाणी वेगळी ठेवा. कागद तिथे पुष्कळ ठिकाणी भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो.