एका ‘ने’ची गोष्ट

आज सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हिशोब करताना शेजारच्या पेढीवरचे गुजराती काका फोनवर ‘पावती मुनीमने आपी’ असे म्हणाले आणि मुनीमजींनी ती काकांना दिली असे समजून मी निष्कारण काकांकडे पावती मागत बसलो. वास्तविक पावती त्यांनी दिली नव्हती, त्यांना देण्यात आली होती. कारण मराठीतला ‘ने’ कर्ता दाखवतो, तर गुजरातीतला ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. वर ते काका ‘छे ने?’ असे विचारतात तेव्हा तोच ‘ने’ आपल्या ‘ना’चे काम करतो आणि गंमत म्हणजे ज्याचा गुजरातीशी काडीचाही संबंध नाही त्या जपानीतही वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ अशीच संमती मागतो.

घरी येईपर्यंत हा ‘ने’ डोक्यातून गेला नाही. बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नाही’, आणि तो संस्कृत ‘न’चा दूरचा भाऊबंद, पण सीमा ओलांडून ग्रीसमध्ये गेले की ‘ने’ म्हणजे चक्क ‘होय’. कोरियनमध्येही ‘होय’च, मात्र तिथे नाते नाही, केवळ उच्चाराचा योगायोग. (बल्गेरियात होकार देताना मान आडवी हलवतात, म्हणजे तिथे आमची पंचाईत दुप्पट.)

आपल्या ‘घेऊन ने’ मधला ‘ने’ मात्र संस्कृत ‘नी’ या धातूचा. नेता, नीती आणि नेत्र हे सारे त्याच घरातले.

पावती अखेर काकांच्याच गल्ल्यात सापडली.