पी0171 आणि पी0420 एकत्र आले: कॅट बदलण्याआधी गळतीचा शोध

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर. कॅटच्या (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधी एक आणि नंतर एक असे दोन नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर. चेक इंजिन लाइट लागलाय आणि स्कॅनरवर दोन कोड आहेत: पी0171, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पी0420, म्हणजे कॅटची कार्यक्षमता कमी. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणीची इंजिनची नोंद) उतरवून घेतली, कारण कोडबरोबर तीही पुसली जाते.

लाइव्ह डेटा. गरम इंजिनवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोलमध्ये करत असलेली कायमची वाढ-घट) आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, +15 टक्के, 2500 आरपीएमला +4. इनटेकमध्ये हवा शिरत असली तरी हेच चित्र दिसतं, म्हणून आधी इनटेकची स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणं) केली. धूर कुठेच नाही. मग संशय एक्झॉस्टवर. एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. पुढचा सेन्सर ती पाहून लीन सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि इंजिन प्रत्यक्षात रिच (पेट्रोल जास्त) चालतं. आयडलला एक्झॉस्टचा प्रवाह कमी, त्यामुळे तिथे हा गोंधळ जास्त.

गळती शोधणं. इंजिन पूर्ण थंड. व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकणारा पाइप सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने घट्ट बसवला आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारलं. मॅनिफोल्ड (इंजिनला लागलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) आणि त्याखालच्या डाउनपाइपच्या फ्लँजवर, म्हणजे नटांनी आवळलेल्या जोडावर, मागच्या बाजूला, बारीक फेस येत राहिला. तिथेच काजळीचा काळा पट्टाही होता. फ्लेक्स पाइप (एक्झॉस्टमधला लवचिक, जाळीदार तुकडा) जरूर तपासा. बाहेरची जाळी शाबूत दिसते आणि आतली नळी फाटलेली असते.

मागच्या सेन्सरजवळ दुसरी छोटी गळती निघाली, सेन्सर ज्यात बसतो त्या वेल्ड केलेल्या बुशाला तडा गेलाय. पी0420 मागे हीच असण्याची शक्यता जास्त वाटते. चांगल्या कॅटनंतरचा सेन्सर साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टवर स्थिर राहतो. इथे बाहेरची हवा लागून तो सारखा खाली आपटत होता आणि ईसीयूला वाटलं, कॅट काम करत नाही.

दुरुस्ती. आदल्या रात्री नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल. नवी गास्केट, नवे नट, दोन्ही फ्लँज वायर ब्रशने साफ, आणि नट आळीपाळीने दोन टप्प्यांत आवळले. एकच बाजू आधी आवळली तर फ्लँज तिरका बसतो आणि गास्केट पुन्हा जळते. साधं सिलिकॉन इथे अजिबात नको. त्या उष्णतेत टिकत नाही, वर त्याची वाफ सेन्सर निकामी करते. बुशाचा तडा वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या वेळी सेन्सर बाहेर आणि बॅटरी सोडलेली.

आता. आयडलला ट्रिम +2, मागचा सेन्सर 0.65 व्होल्टच्या आसपास शांत. कॅटालिस्ट मॉनिटर (ईसीयूची कॅट तपासण्याची स्वतःची चाचणी) मात्र अजून अपूर्ण आहे, त्यासाठी गरम इंजिनावर काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवावी लागेल. पी0420 परत आला तर पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावणार. 2500 आरपीएमला 3 पीएसआयच्या वर दाब गेला, तर कॅट चोंदलाय असं धरून तो उतरवायचा.